गुरुवारी फलाट नऊ

“पुन्हा म्हण. तताविन. आणि या वेळी जरा हसून म्हण.”

“हसलेलं ऐकू येतं का, साहेब?”

“तुझं येतं,” लस्साद साहेब म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

मी हसून तताविन म्हटलं. मग मेदेनीन, जर्बा, गाबेस, स्फाक्स, ट्युनिस. मग फलाटांचे एक ते बारा आकडे. मग पहाटे पाचपासूनच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा. सकाळी सातला बसवलं होतं, दहा वाजत आले, घशाला कोरड पडली. सव्वीस वर्षं मी या स्टँडवर गाड्या पुकारतेय, पण एका बैठकीत अख्खा देश म्हणून दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

लस्साद साहेब आमचे स्टँडप्रमुख. दोन वर्षांपूर्वी आले. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. खाली तिकीट खिडकीवरच्या पोरी मात्र ‘मॅडम’. माणूस वाईट नाही हो. आवाज चढवत नाहीत, ईदला घरची बकलावा मिठाई पाठवतात. मला त्यांच्या त्या गोडपणाचाच जाच होतो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

“साहेब, गुरुवारची तताविन वेगळी म्हणायला हवी. गुरुवारी मेंढ्यांचा बाजार असतो, तेव्हा ती गाडी—”

“यादीत आहे तेवढंच वाच, बाई. जास्तीचं घातलं की मशीन गोंधळतं.”

यादीत होतं तेवढंच वाचलं. तताविनला जाणारी गाडी, दहा वाजून चाळीस मिनिटं, फलाट क्रमांक पाच.

“संपलं! आता तू सुटलीस,” साहेब खूश होऊन म्हणाले. “या गुरुवारपासून मशीन पुकारेल. तू आरामात बस.”

“कुठे बसू?”

हा प्रश्न त्यांच्या यादीत नसावा. ते कागद जुळवत राहिले. मी धीर करून म्हटलं, “खाली नवी चौकशी खिडकी झालीय ना. ती द्या मला. कुठली गाडी कुठून सुटते, कुठे जेवायला थांबते, कुठल्या वळणावर म्हाताऱ्यांना उलटी होते, सगळं पाठ आहे मला.”

“ती इनेस मॅडमना दिली. कालच सही झाली.”

इनेस दोन वर्षांपूर्वी लागली. वेळापत्रक कसं वाचायचं ते मीच तिला शिकवलं. गोड पोर आहे, गोरीपान, मला ‘मावशी’ म्हणते. तिच्यावर राग धरायचा तर तोही धरवत नाही.

“हे बघ सालहा,” साहेब म्हणाले, “खिडकी म्हणजे स्टँडचं तोंड. पर्यटक येतात, बाहेरगावचे लोक येतात. तुझं सोनं तुझ्या गळ्यात आहे. आणि सोनं कुणी दुकानाच्या दारात मांडतं का?”

ते हसले. मीही हसले. ही आमची जुनी सवय. आम्ही काळी माणसं काही काल आलेलो नाही, माझ्या सात पिढ्या याच गावच्या मातीत पुरल्यात. तरी माझी आई भाजीवाल्याच्या शेंबड्या पोरालाही ‘सीदी’ म्हणायची, म्हणजे मालक. कुणी लागेल असं बोललं की त्याच्या आधी आपण हसायचं, हे मी तिच्याकडून उचललं. खालच्या कुठल्या तरी खिडकीसाठी माझी ही तिसरी खेप. पहिल्या वेळी म्हणाले, उंची कमी पडते. दुसऱ्या वेळी म्हणाले, फ्रेंच कच्चं आहे. आणि त्यांना फ्रेंच पत्र आलं की ते वाचून घ्यायला शिपाई माझ्याच खोलीचा जिना चढायचा!

ती माझी खोली गोदामाच्या वर, मागच्या लोखंडी जिन्याने जायचं. एक माइक, एक खुर्ची आणि तपकिरी काचेची एक झरोक्याएवढी खिडकी. तिथून मला सगळे बारा फलाट दिसतात, मी कुणाला दिसत नाही. गावाला माझा आवाज ठाऊक आहे. बाजारात बायका माझी नक्कल करतात, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणत पोरांना जेवायला हाका मारतात. मी शेजारून कोथिंबिरीची जुडी घेऊन जाते, कुणी ओळखत नाही. सुरुवातीला याची मला गंमत वाटायची.

एकच माणूस तो आवाज शोधत आला होता. तिजानी त्याचं नाव, तेव्हा दुसऱ्या डेपोतून नवाच आलेला ड्रायव्हर. बावीस वर्षं झाली त्याला. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाईच्या कळ्यांचा दोऱ्याने बांधलेला गुच्छ असायचा. कोण ठेवतं ते मी काचेतून बघायची. उंच, जरा वाकून चालणारा, एक गुच्छ इथल्या बाप्यांच्या रीतीने स्वतःच्या कानामागे आणि एक माझ्या पायरीवर. एकोणचाळीस गुच्छ झाले. हो, मोजले होते मी. चौतिसाव्या वर्षी दुसरं काय मोजणार?

चाळिसाव्या दिवशी तो जिना चढून वर आला. मी दार उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि विचारलं, “पुकारणाऱ्या बाई कुठायत?”

खोलीत एक खुर्ची. तीही रिकामी. मी हसले आणि म्हटलं, “पुकारणारी बाई रजेवर आहे.”

तो बरं म्हणाला आणि खाली उतरला. स्टँडवर काय लपून राहतं? आठवड्याभरात त्याला कळलंच असणार. पण पायरीवर पुन्हा कळी दिसली नाही. पुढे त्याला तताविनची गाडी मिळाली. बावीस वर्षं रोज दहा चाळीसला मी त्याची गाडी पुकारते. एकदाही चुकवली नाही, तापातसुद्धा. तो काचेकडे कधी मान वर करून बघत नाही.

तर रेकॉर्डिंग झालं त्या दुपारी फेत्ही चहाचे दोन पेले घेऊन वर आला. फेत्ही तिकीट तपासनीस, शिवाय कामगार संघटनेचा चिटणीस. बोलायला लागला की ऐकणाऱ्याची गाडी चुकलीच म्हणून समजा.

“ताई, गुरुवारी सकाळी समिती येतेय. राजधानीहून. कायद्याचा मसुदा घेऊन.”

“कसला कायदा?”

“नोकरी देताना, बढती देताना रंग बघायचा नाही, बाई की बाप्या बघायचं नाही, आडनाव बघायचं नाही. सगळ्यांना सारखी संधी. आणि जागा नाकारली तर कारण लेखी द्यायचं.”

“लेखी?”

“लेखी. सही-शिक्क्यासकट.”

मला एकदम हसू फुटलं. माझी उंची खिडकीला कमी पडते हे सही-शिक्क्याने लिहिताना साहेबांची काय धांदल उडाली असती! फेत्हीला वाटलं मी थट्टा करतेय.

“हसू नकोस. कायदा अजून झालेला नाही, नुसता कागद आहे. लोक पुढे येऊन बोलले तरच होईल. तुझं नाव दिलंय मी.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“अजूनही नाहीच म्हणतेय. तू काय, बोलून झालं की घरी जाशील, बायकोच्या हातचं जेवशील. मला परत या लोकांतच यायचंय, फेत्ही. मला यांच्याशिवाय आहे कोण? हे माझ्याशी बोलायचे थांबले तर मी बोलायचं कुणाशी?”

“आत्ता तरी कोण बोलतं तुझ्याशी?”

एवढं बोलून तो स्वतःच ओशाळला आणि चहा ढोसत बसला. पण बोललं ते बोललं. मी रिकामा पेला त्याच्या हातात दिला आणि जा म्हटलं.

घरी गव्हाच्या रव्याचं कुसकुस वाफेवर शिजायला ठेवलं. एका माणसापुरतं कुसकुस करता येत नाही, कितीही कमी घ्या, वाफ लागली की फुगतं आणि उरतं. आई गेल्यापासून अकरा वर्षं माझ्याकडे कुसकुस उरतंय. जेवताना लक्षात आलं, स्टँडवरून आल्यापासून मी एक शब्द बोलले नव्हते. आणि आता गुरुवारपासून स्टँडवरही बोलायचं नव्हतं. मग मात्र माझा घास फिरला. खूप एकटं वाटलं. हात धुऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, “माझं नाव सालहा. मी सव्वीस वर्षं.” पुढचं वाक्य येईना. तरी दोन दिवस म्हणत राहिले.

गुरुवारी निळा कोट घातला. संघटनेचं सभागृह स्टँडच्या समोर, रस्ता ओलांडला की आलं. उकाडा होता म्हणून खिडक्या सताड उघड्या. टेबलामागे समितीचे तिघे, मधे अध्यक्षबाई, चष्मा केसांत खोचलेला. समोर साठएक माणसं. दुसऱ्या रांगेत लस्साद साहेब. मला बघून त्यांनी मान डोलावली, अगदी गोड.

दहा पंचवीसला माझं नाव घेतलं. मी पुढे गेले. माइक माझ्या रोजच्या सवयीचा, पण माइकच्या पलीकडे माणसांची तोंडं असण्याची सवय नव्हती. साठ तोंडं! मी माइकची दांडी धरली.

“सावकाश,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पाच मिनिटं तुमची आहेत. आधी नाव सांगा.”

“माझं नाव सालहा,” मी म्हटलं. “मी सव्वीस वर्षं—”

आणि खिडकीतून माझाच आवाज आला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तताविनला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवरून दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुटेल.”

सभागृहात चुळबुळ झाली. माना खिडकीकडे वळल्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “अगं, ही ती? मला तर वाटायचं—” आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिला काय वाटायचं ते मला बावीस वर्षांपासून माहीत आहे.

“हा आवाज तुमचाच?” अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या सरसावून बसल्या होत्या. “बोला ना. सगळं सांगा.”

हीच ती वेळ होती. सगळे माझ्याकडे बघत होते, ऐकायला तयार होते. आयुष्यात दुसऱ्यांदा अशी संधी येणार नव्हती, एवढं मलाही कळत होतं. पण माझ्या डोक्यात फलाट पाच शिरला होता. गुरुवारी चार, पाच, सहा या फलाटांवर मेंढ्यांचे ट्रक लागतात. पंधरा वर्षांची वहिवाट आहे, कुठल्या कागदावर नाही. तताविनची गाडी त्या दिवशी मागे, पाण्याच्या टाकीआड, फलाट नऊवर लागते, आणि दर गुरुवारी मी ‘आज फलाट नऊ’ असं दोनदा सांगते. त्या दिवशी दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या असतात. त्यांना पाटी वाचता येत नाही. त्या माझ्या आवाजावर चालतात. आणि दिवसाला गाडी एकच.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” मी बाहेरून पुन्हा सांगू लागले, हसून.

“बाई,” मी आतून म्हटलं, “तो आवाज खोटं बोलतोय.”

“म्हणजे?”

“गाडी पाचवर नाही. नऊवर आहे. साहेब, फोन करा, बंद करायला सांगा ते!”

लस्साद साहेब अर्धवट उठले. “मशीन चुकत नाही, सालहा. वेळापत्रकातच पाच आहे. तू तुझं बोल, लोक खोळंबलेत.”

फेत्ही बाजूने कुजबुजला, “ताई, आधी बोल! गाडी गेली तर गेली. तुझा नंबर परत लागायचा नाही.”

भिंतीवर दहा बत्तीस झाले होते. मी खरं सांगते, मला राग आला. त्या म्हाताऱ्यांचा आला, मशीनचा आला, स्वतःचा तर फारच आला. सव्वीस वर्षांचं गाऱ्हाणं ओठांवर आणलं होतं, आणि आता नेमकं हे. माझ्या जागी कुणाही शहाण्या माणसाने पाच मिनिटं बोलून घेतलं असतं. पण दुसऱ्याच कुणी चुकीचं पुकारलं असतं तर मीही बोलून घेतलं असतं हो. तो आवाज माझा होता. त्या बाया माझ्या भरवशावर तिथे उभ्या राहिल्या होत्या.

“मला माफ करा,” मी माइकमध्ये म्हटलं आणि चालू पडले.

रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. फलाट पाचवर ट्रकांच्या आणि मेंढ्यांच्या मधे वीस-बावीस माणसं गाठोडी घेऊन उभी होती. चौकशी खिडकीच्या काचेमागून इनेस सांगत होती, “पाचच, आजी, पाचच. ऐकलंत ना आत्ता?”

मी ट्रकच्या पायरीवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा माइकशिवाय पुकारलं.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! तताविनची गाडी आज फलाट नऊवर! टाकीच्या मागे! चला, लवकर चला!”

सगळ्यांनी आधी वर भोंग्याकडे बघितलं. मग आवाज कुठून आला ते शोधत माना खाली आल्या. औषधांची पिशवी छातीशी धरलेली एक म्हातारी माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

“ही बोलतेय तर वर कोण बोलतंय?”

“वरचीचं काही ऐकू नका, आजी. हात द्या.”

“गाबेसची माझी सून म्हणते, ती बाई टीव्हीवाल्यांसारखी असेल दिसायला.”

“मग? निघाला ना सुनेचा अंदाज चुकीचा? चला, पाय उचला.”

म्हातारी खुदकन हसली आणि माझा दंड धरून चालू लागली. मागून बाकीचे. इनेसही खिडकी सोडून दोन गाठोडी उचलून आली. “मावशी, मला कुणी सांगितलंच नाही हो,” ती रडकुंडीला येऊन म्हणत होती. मी म्हटलं, मलाही कुणी सांगू दिलं नाही, तू चल.

टाकीमागे गाडी उभी होती, इंजिन चालू. दहा एक्केचाळीस. रिकामी गाडी घेऊन निघायच्या बेतात असलेला तिजानी स्टिअरिंगवरून वाकून आमची वरात बघत राहिला. आता केस पिकलेत त्याचे. मी दाराशी उभी राहून एकेकीला वर चढवलं. तो माझ्यापासून दोन हातांवर होता.

शेवटचं गाठोडं चढत होतं तेवढ्यात लस्साद साहेब धापा टाकत आले.

“शाबास, सालहा! वाचवलंस. दूरच्या लोकांची तक्रार गेली असती वर.” त्यांनी रुमालाने मान पुसली. “तिकडे तुझा नंबर गेला बरं का. पुढचे बोलायला लागलेत, आणि अकराला समिती गाबेसला निघतेय. तुझ्या नावापुढे गैरहजर लिहिलं त्यांनी. मी सांगितलं, कामावर गेलीय म्हणून. पण त्यांचे नियम असतात.”

गैरहजर. मी मान हलवली.

“जाऊ दे, पुढच्या वेळी बोल. आता चल वर. ‘गुरुवारी फलाट नऊ’, एवढंच म्हणून दे. दोन मिनिटांचं काम. हे बघ, मशीन कितीही आणा, या स्टँडची पुकारणारी बाई तूच.”

ते हसले. माझ्या हसण्यासाठी थांबले.

गाडीचं दार अजून उघडं होतं. तिजानीचा हात गिअरवर होता आणि गाडी हलत नव्हती. मी साहेबांकडे बघितलं आणि रोज पुकारते त्याच आवाजात, स्वच्छ, दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, “पुकारणारी बाई रजेवर आहे.”

“ही काय थट्टा?” साहेब म्हणाले. ते अजून हसतच होते. मी हसत नाही हे त्यांना जरा उशिरा कळलं. मग त्यांनी रुमाल खिशात घातला, घड्याळ बघितलं आणि इनेसला खिडकी उघडी टाकल्याबद्दल बोलत तिच्याबरोबर निघून गेले.

तिजानीने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या खांद्यावरून पलीकडे नाही, माझ्याकडे. त्याचे ओठ हलले. मी थांबले. खरंच थांबले होते मी, काही बोलला असता तर ऐकलं असतं. पण मागून कुणी म्हातारी ओरडली, “अरे, निघतोस का नाही?” त्याने नजर खाली घेतली आणि दार बंद केलं. काचेआडून औषधांच्या पिशवीवाली म्हातारी मला हात करत होती. मीही हात केला.

गाडी गेली. टाकीखाली थोडं पाणी सांडलं होतं, त्यावर मेंढ्यांची लोकर तरंगत होती. मशीनला गाडी गेलेली कळत नाही. वरून माझा आवाज हसून सांगत राहिला, तताविनची गाडी फलाट क्रमांक पाचवर उभी आहे.

मी नऊवर उभी होते.